सायकसची हजामत

ज्या झाडाला उन्हाळ्यात तांब्याभर पाणी घालायला कोणी पुढे येत नाही, त्याच्या छाटणीबद्दल मत द्यायला मात्र अख्खी सोसायटी गोळा होते. आमच्याकडे हा मान फाटकाजवळच्या सायकसचा आहे.

सायकस तुम्ही पाहिलेला असतोच, नावानं ओळखत नसलात तरी. बुटकं, जाडजूड, खवल्याखवल्यांचं खोड आणि त्याच्या डोक्यावर चहूबाजूंनी फाकलेल्या गडद हिरव्या, चकचकीत झावळ्या. बँकेच्या दारात, मंगल कार्यालयाच्या कारंज्यापाशी, सर्किट हाऊसच्या हिरवळीवर आणि ज्या डॉक्टरांची फी जास्त असते त्यांच्या पायरीशी तो उभा असतो. नव्वदच्या दशकात पुण्यात इमारत उठली की फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक सायकस लावायचा, अशी रीतच पडली होती. आमच्या बिल्डरनं ताबा दिला तेव्हा लिफ्ट चालत नव्हती, नळाला पाणी नव्हतं आणि भोगवटा प्रमाणपत्र ‘आलंच समजा’ या अवस्थेत होतं. ते अजूनही त्याच अवस्थेत आहे. पण सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेले दोन सायकस मात्र वेळेवर हजर होते. त्यातला उजवा एका टेम्पोनं रिव्हर्स घेताना खर्ची पाडला. डावा उरला, आणि असा उरला की आता फाटक त्याचं आणि आम्ही येणारे-जाणारे.

त्याचा सगळा कावा संथपणात आहे. गुलमोहर वाढला की तारांना लागतो, लाइट जाते, लगेच माणसं शिडी घेऊन येतात. गच्चीच्या भेगेत पिंपळ उगवला की खालच्या घरात ओल येते, लगेच वर्गणी निघते. सायकसचं खोड वर्षाकाठी जेमतेम इंच-दीड इंच चढतं. एवढ्या वाढीची दखल घ्यायला आमच्याकडे कमिटी नाही. झावळ्या मात्र दरसाल नव्या येतात, त्या आधीच्यांपेक्षा थोड्या लांब असतात, आणि एक दिवस लक्षात येतं की चार फुटी झावळी आपल्या शर्टाच्या बाहीला धरून उभी आहे. वॉचमननं खुर्ची आधी वीतभर मागे घेतली, मग हातभर. आता तो पार्किंगमध्ये बसतो आणि फाटकावर कोण आलंय ते त्याला आलेली माणसंच सांगतात.

झावळीवरचं प्रत्येक पातं कडक असतं आणि टोकाशी टोचतं. पेपरवाल्याला टोचलं, दूधवाल्याला टोचलं, पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांच्या दंडावर रेघोट्या उठल्या. यावर कोणी चकार शब्द काढला नाही. एका बारशाला आलेल्या पैठणीचा पदर अडकला, तेव्हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला.

‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली तो घेतला गेला. अजेंड्यावरचे विषय ऐकायला आमच्याकडे कोणी थांबत नाही. आयत्या वेळच्या विषयाला मात्र सतरंजी पुरत नाही.

“मुळावर घाव घाला, प्रश्न मिटला,” ए विंगचे एक काका म्हणाले. त्यांची गाडी नवी होती.

“कायदा आहे १९७५ चा,” दुसऱ्या काकांनी चष्मा काढून पुसला. ते निवृत्त होण्यापूर्वी महसूल खात्यात होते आणि चष्मा पुसला की कायदा सांगतात. “शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.”

“पण हे झाड आहे की झुडूप?”

“ते प्राधिकरणाला विचारावं लागेल. त्यासाठी अर्ज. अर्जासाठी ठराव. ठरावासाठी गणपूर्ती.”

गणपूर्ती नव्हती. ती आमच्याकडे फक्त कोजागरीला होते.

वास्तूवाल्या काकूंनी दारात टोचरं झाड नको असं सांगितलं. त्यावर कोणीतरी विचारलं की मग गेल्या पंधरवड्यात तुम्हीच नर्सरीतून निवडुंग कशाला आणलात? त्या म्हणाल्या, तो गॅलरीत आहे, गॅलरीची दिशा वेगळी. एका तरुण सभासदानं मोबाइलवरून वाचून दाखवलं की हे डायनासोरच्या काळातलं झाड आहे. सभा क्षणभर आदरानं गप्प झाली. त्यातलं खरं एवढंच की घराणं तेवढं जुनं आहे. आज बागांमधून दिसणाऱ्या जाती गेल्या एक-सव्वा कोटी वर्षांतल्याच, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. पण जुन्या घराण्याचं नाव लावणारे आमच्या सभेत इतरही बरेच होते, त्यामुळे मी काही बोललो नाही.

खरी गंमत केली ती खजिनदारांनी. सायकसचा भाव खोडाच्या उंचीवर असतो, कारण ती उंची यायला वर्षं लागतात आणि तोवर नर्सरीवाल्याला त्याला सांभाळावं लागतं. खजिनदार टेप घेऊन खाली गेले, खोड मोजून आले, नर्सरीत फोन लावला आणि जो आकडा ऐकला तो सभेला सांगितला. सभेचा नूर पालटला. ज्या झाडावर पाच मिनिटांपूर्वी कुऱ्हाड पडायची होती, ते ‘आपलं ॲसेट’ झालं. ते ताळेबंदात दाखवायचं का, दाखवलं तर घसारा कसा लावायचा, कारण इथे तर दरसाल किंमत वाढते, यावर लेखापरीक्षकाचं मत मागवायचं ठरलं. पैठणीवाल्या वहिनी उठून गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तेवढ्यात मोबाइलवर आणखी खोदकाम केलं. इंग्रजीत याला ‘सागो पाम’ म्हणतात हे त्यांना कळलं, आणि दारात साबुदाण्याचं झाड असताना आपण इतकी वर्षं वाण्याला पैसे मोजले, या विचारानं त्यांचा घसा दाटून आला. त्यांची समजूत घालणं भाग होतं. आजी, आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमच्या आसपासच्या कारखान्यांतून येणारा. परदेशातला सागो वेगळ्याच पामच्या खोडातून काढतात. आणि दारातला हा सायकस तर पामही नाही, त्याची सोयरीक देवदार आणि पाइनशी जवळची. त्याच्या अंगात, विशेषतः बियांत, सायकॅसिन नावाचं विष असतं. कुत्र्यानं बी चघळली तरी त्याचं यकृत निकामी होऊ शकतं.

याचं मूळ गाव जपानच्या दक्षिणेकडची क्यूशू आणि र्‍युक्यू ही बेटं. तिथली माणसं सायकसचं पीठ अनेकदा धुऊन, आंबवून खातही असत. पण १९२० च्या दशकात साखरेचे भाव कोसळले, ओकिनावात खायची भ्रांत पडली, लोकांनी घाईघाईनं सायकस रांधला आणि काही त्यानंच दगावले. त्या दिवसांना तिकडे ‘सोतेत्सु जिगोकु’, म्हणजे सायकसचा नरक, म्हणतात. हे ऐकून आजी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “पण नीट धुतलं तर चालतं, नाही का?”

सभा नेहमीप्रमाणे चहावर संपली आणि प्रश्न माळीकाकांवर सोपवला गेला.

आमचे माळीकाका चार सोसायट्या करतात. सायकस दिसला की त्यांचा हात कोयत्याकडे जातो. “चकोट करून टाकू साहेब. एक पान ठेवत नाही. दोन महिन्यांत असा फुटून येईल की ओळखणार नाही.” ही हजामत पुण्यात सर्रास चालते आणि ती बिनपैशाची असते, हे तिचं आकर्षण. लग्नसराईत मंडपवाल्याला आणि बुकेवाल्याला या झावळ्या हव्याच असतात. कमानीला, स्टेजच्या मागे, जरबेराच्या बुडाशी, सगळीकडे त्याच. सोसायटीला वाटतं फुकटात साफसफाई झाली. माळीकाकांचीही संध्याकाळ गोड होते. मधल्यामधे झाडाचा खुळखुळा होतो.

सायकसला फांद्या नसतात. वाढीचं टोक बहुधा एकच, झावळ्यांच्या मधोमध, खोडाच्या माथ्यावर. दाराला आंबा किंवा जास्वंद असेल तर तुम्ही शेंडा मारता, बाजूनं फूट काढता, झाड हवं तसं आटोपशीर करता. सायकसचं तसं करता येत नाही. हिरव्या झावळ्या उतरवल्या तर पुढच्या पालवीला लागणारं अन्नच उतरवलं. मग नवी येते ती रोडावलेली, तरी आडवी पसरणारच. टोच आहे तीच राहते, फक्त झाड किडकिडीत दिसायला लागतं. थोडक्यात, कापून तो लहान होत नाही. त्याला स्वच्छ करता येतं, एवढंच.

स्वच्छ करण्यासारखं मात्र भरपूर असतं. नवी पालवी आली की खालच्या झावळ्यांतलं सत्त्व झाड वर ओढून घेतं. त्या पिवळ्या पडतात, मग तपकिरी, आणि खोडाला लटकून राहतात. पिवळीलाही घाई करायची नाही, तिच्यातली देणीघेणी अजून चालू असतात. पार वाळली की काढायची. हे मी माळीकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना कोथिंबीर निवडायला शिकवतोय. तरी कोयता ठेवून त्यांनी कात्री घेतली, हे त्यांचे उपकार.

वाळलेली झावळी काढायची म्हणजे वरून वाकून चालत नाही, वरून वाकणाऱ्याच्या डोळ्यात पातं जातं. माळीकाका गोणपाट अंथरून जमिनीवर आडवे झाले, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात जाड मोजे, आणि पाठीवर सरकत झावळ्यांच्या खाली शिरले. झावळीचा देठ धरायला जावं तर त्याच्या बुडाशी दोन्ही कडांनी आखूड काटे. काकांनी देठ खोडापासून दोन बोटं सोडून कापला. अगदी खोडाला लावून कापायचा नाही. ते उरलेले खुंटच पुढे वाळून खवले होतात आणि खोडाचं चिलखत बनतं. एकेक झावळी निघत गेली तशी आतली वस्ती उघडी पडली. बॅडमिंटनची फुलं, मुलांनी ‘सापडत नाही’ म्हणून आयांकडून नव्यानं घेतलेले चेंडू, दोन निवडणुकांपूर्वीच्या उमेदवाराचं हसतमुख पत्रक, एका बिऱ्हाडाची लेटरबॉक्सची किल्ली आणि एक पाल. पाल सोडून प्रत्येक वस्तूवर कोणी ना कोणी हक्क सांगितला. पत्रकावरसुद्धा: “ठेवा, हेच रस्ता करतो म्हणाले होते.”

बुडाशी खोडाला चिकटून पिल्लं आली होती, मुठीएवढी, कांद्याएवढी. ती काढताना मातीच्या वरच्या थरात मुळांचे गाठीगाठींचे, फाटे फुटलेले पुंजके लागले. “कीड आहे,” माळीकाकांनी निदान केलं आणि उपटायला हात घातला. त्यांना थांबवावं लागलं. ही मुळं मुद्दाम वर येतात. त्यांच्यात निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. म्हणूनच कोणी खत न घालता, डेब्रिजच्या मातीत, तो एवढा माजला. सोसायटीनं त्याच्यासाठी काहीही केलेलं नाही हे यावरून शास्त्रीयदृष्ट्याही सिद्ध होतं.

छाटणीच्या वेळेवरही आमच्याकडे दोन तट आहेत. नवी पालवी फुटते तेव्हा सगळ्या झावळ्या एकदम, मधोमध, उभ्या वर येतात. फिकट हिरव्या, अंगावर लव, आणि प्रत्येक पातं टोकाकडून आत गुंडाळलेलं. त्या दिवसांत त्याला हात लावायचा नसतो. धक्का लागला तर पातं वाकडं होतं आणि वाकडंच कडक होतं, मग वर्षानुवर्षं तसंच. पण नेमक्या याच दिवसांत बागेत एक छोटं निळसर फुलपाखरू घिरट्या घालायला लागतं, त्याला प्लेन्स क्युपिड म्हणतात. ते कोवळ्या पालवीवर अंडी घालतं, अळ्या काही दिवसांत पात्यांचा फडशा पाडतात, आणि मुंग्या त्यांच्या आजूबाजूला पहारा करत असतात, कारण अळ्यांच्या अंगातून त्यांना गोड रस मिळतो. आमचे सेक्रेटरी फवारणीचा पंप घेऊन धावतात. बी विंगमधला फोटोग्राफर मुलगा कॅमेरा घेऊन आडवा पडतो. एका वर्षी दोघं झाडाच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर भांडले. अळ्यांनी त्या तासाचा सदुपयोग केला.

मग एका उन्हाळ्यात झावळ्यांच्या मधोमध हातभर उंच, पिवळसर, उभं कणीस आलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला आणि ‘अननस आला का?’, ‘केवडा आहे’, ‘नाही, ब्रह्मकमळ’ अशा प्रतिक्रिया सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हळदकुंकू आणि दोन फुलं होती. कोणी वाहिली ते आजवर कळलेलं नाही. सायकसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि ते कणीस म्हणजे नराचा परागकणांचा शंकू होता. तो वासही मारतो, उग्र. १८९६ साली जपानच्या इकेनो या वनस्पतिशास्त्रज्ञानं याच सायकसमध्ये पोहत जाणारे शुक्राणू पाहिले. बी धरणाऱ्या झाडात असं काही त्या वर्षापर्यंत कोणी पाहिलेलं नव्हतं. (त्याच वर्षी हिरासे या त्याच्या स्नेह्याला ते गिंको झाडात आधी दिसले होते.) ही माहिती मी ग्रुपवर टाकली. हळदकुंकू बंद झालं. आमच्या मुलांसमोर हे काय, असा एक निरोपही आला.

उजवीकडचा सायकस टेम्पोखाली गेला नसता तर तो मादी निघाला असता का, या विषयावर मात्र चर्चा अजून चालते. आजींना वाटतं की याच्यासाठी एक मादी बघावी. स्थळ बघण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. पण सायकसच्या नात्यात याहून वाईट दशा झालेली झाडं आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात १८९५ साली एका जातीचं एकमेव झाड सापडलं. ते नर होतं. मादी आजतागायत मिळालेली नाही. जगभरच्या बागांतून त्या जातीची जी झाडं दिसतात ती सगळी त्याच एका नराच्या बुडाची पिल्लं काढून वाढवलेली. म्हणजे ब्रह्मचारी राहूनही गोतावळा केवढा.

लंडनच्या क्यू बागेत याच गटातलं आणखी एक झाड आहे, १७७५ साली फ्रान्सिस मॅसननं दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं आणि आजही कुंडीत असलेलं. १८१९ साली त्याला शंकू आला तो पाहायला खुद्द वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आले होते. खोड चार मीटरच्या पुढे गेलं आणि एका अंगाला कललं. तिथल्या लोकांनी काय केलं? टेकू दिले. कुंडी मोठी केली. ‘चकोट करून टाकू’ असं कोणी म्हटल्याची नोंद नाही. आमच्याकडे मात्र फाटकापाशी जागा कमी पडते म्हटलं की पहिला उपाय कोयता, आणि खुर्ची सरकवणं हा शेवटचा. तेही वॉचमननं आपणहून सरकवली म्हणून.

शेवटी झालं ते असं. वाळकं सगळं निघालं, दोन गोण्या भरल्या. वाटेवर अगदी आडव्या आलेल्या तीन-चार झावळ्या, हिरव्या असूनही, पैठणीच्या स्मरणार्थ काढल्या. बाकीचा हिरवा पसारा ठेवला. मग फाटकाच्या आतले पेव्हर ब्लॉक उचलून पायवाट दोन फूट उजवीकडे घेतली, जिथे उजवा सायकस होता आणि गेली कित्येक वर्षं नुसता मोकळा चौथरा होता. हे सुचायला आम्हाला तीन कमिट्या लागल्या. ए विंगच्या काकांनी खर्चाला हरकत नोंदवली आहे. नव्या वाटेनं सर्वात आधी गाडी त्यांनीच काढली.

एक राहिलंच. पिल्लं निघाली ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे सावलीत, वाळूमिश्रित मातीत लावून ठेवली आहेत. त्यांना मुळं धरायला काही महिने लागतात, तोवर रोज पाणी घालून कुजवू नये. ज्यांना हवी त्यांनी दिवाळीनंतर आपापली कुंडी घेऊन यावं, पिल्लू फुकट आहे. फक्त येण्याआधी घरी टेपनं मोजून पाहा: ज्या दाराशी ते ठेवणार तिथे सहा फुटांचा मोकळा घेर आहे का? नसेल तर कृपया जास्वंद लावा.